सभागृह भरतं, पुस्तकं मात्र विकली जात नाहीत: माझा अनुभव

वाचनालयात किंवा साहित्य परिषदेच्या शाखेत लेखकाचा कार्यक्रम होतो, साठ-सत्तर माणसं येतात, टाळ्याही पडतात, आणि पुस्तकं जेमतेम चार-पाच खपतात. बहुतेक वेळा अडतं ते टेबलाच्या जागेवर. व्यासपीठाशेजारी मांडलेल्या टेबलाकडे आभारप्रदर्शनानंतर कुणी फिरकत नाही, लोक थेट चहाकडे जातात. म्हणून टेबल दाराशी, चहाच्या वाटेवर मांडायचं. पुस्तकं उभी ठेवायची, एक प्रत चाळायला उघडी. माणूस पुस्तक हातात घेऊन मलपृष्ठ वाचू लागला की निम्मं काम झालं. तेव्हा मध्ये बोलू नये.

विक्रीला दुसरं कुणीतरी बसवावं. लेखक सह्या करत असताना सुटे पैसे मोजू लागला की रांग तुटते. छापील किंमत 280 असेल तर कार्यक्रमापुरती 250 करावी आणि पन्नासच्या नोटा भरपूर आणाव्यात. क्यूआर कोड मोठा छापून लावावा. तळघरातल्या सभागृहात रेंज नसते, हे आदल्या दिवशीच जाऊन तपासलेलं बरं.

वाचन सात-आठ मिनिटांचंच, आणि उतारा उत्कंठेच्या जागी थांबवावा. शेवट वाचून दाखवला की विकत घ्यायचं कारणच उरत नाही.

27 फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) आणि 15 ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन) यांच्या आसपास वाचनालयं वक्ते शोधत असतात. दीड-दोन महिने आधी पत्र आणि एक प्रत ग्रंथपालांच्या हाती द्यावी.