बोटीचं इंजिन बांधताना बोअर वाढवायचा की स्ट्रोक? असं ठरवा

बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली जाण्याचा टप्पा, आणि तो ठरवतो क्रँक. "स्ट्रोक वाढवला की टॉर्क (फिरवायचा जोर), बोअर वाढवला की आरपीएम (मिनिटाला फेरे)" हे इतक्या जणांच्या तोंडी बसलंय की लोक आधी क्रँक घेऊन मोकळे होतात आणि हिशोब मागाहून करतात. बोटीत हे उलट्या क्रमाने करायचं, म्हणजे आधी प्रोपेलर, मग आरपीएम, मग बोअर आणि क्रँक सगळ्यात शेवटी.

आणि स्ट्रोकमधून टॉर्क फुकटात मिळतो हे डोक्यातून काढा. टॉर्क येतो एकूण सीसीतून आणि सिलेंडर किती नीट भरतो त्यातून. सीसी तेवढीच ठेवून क्रँकचा हात लांब केला तर पिस्टन लहान करावा लागतो, म्हणजे वरून ढकलणारा जोर कमी, हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चंच बघा ना. ३८३ (नावातला आकडा म्हणजे क्युबिक इंच) मध्ये बोअर ४.०३० इंच आणि स्ट्रोक ३.७५, ३७७ मध्ये बोअर ४.१५५ आणि स्ट्रोक ३.४८. फरक फक्त सहा क्युबिक इंचांचा! हेड (सिलेंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तेच ठेवले तर खालच्या आरपीएमला दोघांत फारसा फरक नसतो, वर गेल्यावर मात्र ३७७ मोकळं श्वास घेतं कारण मोठ्या बोअरमध्ये व्हॉल्व्ह भिंतीला चिकटून उघडत नाही.

पहिलं काम, प्रोपेलर. बोटीला बदलायला गिअर नसतात आणि पाणी इंजिनला सुटकाच देत नाही. प्रोपेलर फिरवायला लागणारी पॉवर साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ५ टक्के जास्त आरपीएम हवा तर जवळजवळ १६ टक्के जास्त पॉवर लागते. फुल थ्रॉटलला किती आरपीएम हवाय ते कागदावर लिहा. आपण ५२०० धरू.

दुसरं, पिस्टनचा वेग काढा. सोपं आहे, स्ट्रोक मिलिमीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ३०,००० ने भागा, सरासरी वेग मीटर प्रति सेकंदात मिळतो. ५२०० ला ३.४८ इंच (८८.४ मिमी) स्ट्रोकचा १५.३ येतो, ३.७५ इंच (९५.२५ मिमी) चा १६.५. बिग ब्लॉकचा (शेवरोलेचं मोठं व्ही-८) ४ इंच स्ट्रोक ५५०० ला फिरवला की १८.६. गाडीत हा आकडा काही सेकंद टिकतो पण बोटीत थ्रॉटल दाबलेला असताना मिनिटामागून मिनिटं तोच चालू, म्हणून साध्या पार्ट्सवर मी १८ च्या वर जात नाही, त्यापुढे फोर्ज्ड क्रँक, चांगले रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि रॉड बोल्ट हवेतच. शिवाय लाटेवरून बोट उडाली की प्रोपेलर हवेत येतो, लोड एका क्षणात जातो आणि आरपीएम उसळतो. रॉडवरचा ताण स्ट्रोकच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा लाँग स्ट्रोक असेल तर रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेच्या वर जाऊ न देणारं उपकरण) लावल्याशिवाय पाण्यात उतरूच नका.

तिसरं, बोअर किती झेपतो ते ब्लॉकला विचारा. सोनिक टेस्ट, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणं, करून घ्या. सिलेंडरच्या भिंतीवर जेल लावून प्रोब टेकवायचा आणि प्रत्येक सिलेंडरचे चारही बाजूंचे आकडे खडूने तिथेच ब्लॉकवर लिहायचे. बघाल तर एकाच सिलेंडरची एक बाजू जाड आणि समोरची पातळ निघते, कारण ओतकामात कोअर (साच्यातला आतला ठोकळा) सरकलेला असतो. थ्रस्ट साइडला (पिस्टन भिंतीला जास्त रेटतो ती बाजू) बोअर केल्यावर ३ मिमीपेक्षा कमी उरणार असेल तर मी तो ब्लॉक सोडून देतो, त्यात समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरलेलं असेल तर आतून गंज खाल्लेला असतो तो वेगळाच. मोठ्या बोअरचे तोटेही आहेत, ज्वालेला लांब जावं लागतं, डिटोनेशनची (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याची) शक्यता वाढते, दोन सिलेंडरमधली गॅस्केटची पट्टी बारीक होते. ३७७ साठी ४०० चा ब्लॉक लागतो, त्यात सिलेंडर एकमेकांना जोडलेले असतात आणि हेडला स्टीम होल (वाफ निघून जायची भोकं) नसतील तर ती पाडावीच लागतात.

आता स्ट्रोक. ३५० च्या ब्लॉकला ०.०३० इंच बोअर केलं तर जेमतेम ५ क्युबिक इंच मिळतात, त्यावर ३.७५ चा क्रँक टाकला की आणखी २७-२८. म्हणून ब्लॉक एकच असेल तर स्ट्रोक स्वस्तात पडतो हे खरंच आहे. पण रॉड बोल्ट कॅमच्या लोबला आणि ब्लॉकच्या खालच्या कडेला घासतात, तेव्हा क्रँक हाताने हळूहळू पूर्ण फिरवा आणि प्रत्येक रॉडपाशी दीड मिमी तरी जागा आहे का बघा, नसेल तर ग्राइंड करा. रॉड ५.७ ऐवजी ६ इंची घेतला तर रॉड रेशो (रॉडची लांबी भागिले स्ट्रोक) १.५२ वरून १.६० होतो आणि पिस्टन भिंतीला कमी रेटतो.

पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट) पिस्टनवाल्याने मरीनसाठी दिलेलाच ठेवा, गाडीचा नको. थंड पाण्याने सिलेंडर आवळलेला राहतो आणि पिस्टन तापून फुगतो, मग स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) उभे ओरखडे पडतात. कॅमला ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहणं) जास्त घेऊ नका, वेट एक्झॉस्टमधलं (थंड करायला पाणी सोडलेल्या एक्झॉस्टमधलं) पाणी उलटं सिलेंडरकडे ओढलं जातं.

पाण्यात उतरल्यावर फुल थ्रॉटलला टॅकोमीटर बघा. ठरवलेल्या ५२०० ऐवजी ४८०० वरच अडकत असेल तर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) दोन इंच कमी करा, एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. तसंच ओझ्याखाली रेटत राहिलात तर डिटोनेशनने आधी पिस्टन जाईल, मग तो कुठल्याही बोअरचा असो.