पालुडेरियमसाठी घरच्या घरी कातळाची भिंत कशी करावी

खाली पाणी आणि वर झाडं अशा काचपेटीला पालुडेरियम म्हणतात. तिची शोभा बहुतांशी मागच्या भिंतीवर असते. भिंत करायला घेताना बहुतेक जण आधी आकाराचा विचार करतात. माझं म्हणणं उलट आहे: पाणी कुठून येईल, कुठून ओघळेल आणि कुठे पडेल, हे आधी ठरवा. आकार आपोआप सुचत जातो.

नमुना म्हणून पावसाळ्यातला सह्याद्रीचा कडा डोळ्यांसमोर ठेवा. आपला काळा कातळ लाव्हाच्या एकावर एक थरांचा, म्हणून कडे आडव्या टप्प्यांचे असतात आणि मध्ये उभ्या भेगा. हे टप्पे नीट उतरले तर भिंत खरी वाटते.

पेटी 60 × 30 × 45 सेंमीची आणि पाणी 15 सेंमी धरू. साहित्य: 5 सेंमी जाडीचा, हाताला घट्ट लागणारा थर्माकोल (हलक्याचे दाणे फार सुटतात), सिमेंट, बारीक वाळू, काळा ऑक्साइड रंग, पीव्हीसी पाइप, छोटा पंप आणि फिशटँकसाठीचा सिलिकॉन. बाथरूमचा सिलिकॉन नको. त्यात बहुधा बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक ठरतं.

थर्माकोल काचेच्या मापापेक्षा थोडा लहान कापा, कारण सिमेंटची जाडी वाढणार आहे. पेटीला वर काचेच्या पट्ट्या असतील तर दोन-तीन तुकडे करा, नाहीतर भिंत आत जाणारच नाही. मागच्या बाजूला पाइपसाठी खाच ठेवा. पाइप कायमचा बसवायचा आणि पंपाची नळी त्यातून सरकवायची, म्हणजे तुंबली तर ओढून काढता येते. पंपासाठी कोपऱ्यात जागा सोडून तिच्या तोंडाशी स्पंज लावा. खोक्यावर लिहिलेल्या उंचीला पंपाचा प्रवाह शून्य होतो, म्हणून हवी त्याच्या दुप्पट उंचीचा पंप घ्या.

आता कोरीवकाम. कटरने टप्पे काढा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने खरवडा. टप्प्याच्या कडेवरून पाणी थेट खाली पडेल असं वाटतं, पण ते कडेला चिकटून खालच्या अंगाने मागे वळतं आणि भिंतीवरूनच उतरतं. छज्जाच्या खाली गवंडी पाणी तुटावं म्हणून खाच ठेवतो, तशीच खाच प्रत्येक टप्प्याच्या खाली, कडेपासून सेंटिमीटरभर आत मारा. झाडांच्या खोबणींना तळाशी भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. मग तुकडा मोरीत उभा करून वरून तांब्याने हळूहळू पाणी ओता. ओघळ कुठून जातात ते मार्करने खुणावून पुन्हा कोरा. या कामाला वेळ द्या. सिमेंट लागल्यावर दुरुस्ती कठीण.

सिमेंटचा पहिला हात ताकाइतका पातळ, म्हणजे तो बारीक छिद्रांत शिरतो. पुढचे दोन हात वाळू आणि ऑक्साइड घालून दाट. पाठ मात्र कोरी ठेवा, तिथे सिलिकॉन लागायचा आहे. प्रत्येक हातानंतर दिवसभर ओलं फडकं पांघरा. स्प्रे पेंट वापरू नका, त्यातल्या थिनरने थर्माकोल विरघळतो.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) चढतो. भिंत वजन ठेवून टबात बुडवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. साधारण तीन आठवडे लागतात. चोवीस तास मुरलेल्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका आला की झालं. घाई केली तर किंमत मासे मोजतात.

भिंत पूर्ण वाळवा, काच स्पिरिटने पुसा आणि मग चिकटवा. इथे कंजुषी नको. पाण्याखालचा 60 × 15 × 5 सेंमीचा भाग साडेचार लिटरचा, म्हणजे तो जवळपास साडेचार किलोच्या जोराने वर उसळतो. पाठीवर भरपूर सिलिकॉन आणि चारही कडांना अखंड पट्टी द्या, म्हणजे मासा मागे अडकत नाही आणि तिथे पाणी सडत नाही. सांधे सिलिकॉनवर वाळू दाबून लपवा. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका.

ओघळाच्या जागी जावा मॉस, कोरड्या टप्प्यांवर सिंगोनियम आणि मुळं पाण्यात सोडलेला मनी प्लांट छान रुजतात. पाण्याखाली जावा फर्न लावा. त्याचं आडवं खोड पुरायचं नाही, दगडाला दोऱ्याने बांधायचं. शेवाळ गडाच्या भिंतीवरून खरवडून आणू नका, नर्सरीतून घ्या.

उडून गेलेलं पाणी भरताना आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार मागे राहतात आणि काळ्या कातळावर पांढरे ओघळ उठतात. उठलेच तर पंप बंद करून तेवढी जागा ओल्या टूथब्रशने घासा.