मुलांना शिस्त लावण्याच्या आकडेवारीची तुलना कशी करावी

टक्केवारीच्या तक्त्याकडे जाण्याआधी प्रश्नावली उघडा. युनिसेफच्या ‘मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे’त (थोडक्यात ‘मिक्स’) शिस्तीवर वेगळा भाग असतो. गेल्या महिनाभरातलं एकेक विचारतात: चूक समजावून सांगितली का, गदागदा हलवलं का, ओरडलात का, ‘मठ्ठ’, ‘आळशी’ म्हणालात का, ढुंगणावर फटका दिला का, काठीने मारलं का, तोंडावर किंवा कानावर थप्पड दिली का. नुसतं ‘मुलांना मारता का?’ म्हटलं तर कुणीही ‘छे!’ म्हणेल, ‘हातावर चापट?’ म्हटलं की आठवतं. म्हणून वेगळ्या शब्दांत विचारलेल्या दोन सर्वेक्षणांची तुलना करूच नका.

आता कर्ता बघा. प्रश्न ‘तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने’ असा आहे. आजीचा धपाटाही त्यातच मोजला जातो. या आकड्यांवरून आई जास्त मारते की वडील, हे सांगता येत नाही. बातम्यांत मात्र सर्रास सांगतात.

रकान्यांची बेरीज करू नका. ज्याला फटका बसतो त्याच्यावर बहुधा ओरडाही होतो, ते मूल दोन्हीकडे मोजलं जातं. वयोगटही जुळवा: मिक्सच्या चौथ्या फेरीत 2 ते 14 वर्षांची मुलं होती, पाचव्यापासून 1 ते 14. जुन्या-नव्याची तुलना करायची तर नव्यातून एक वर्षाची मुलं वगळून आकडा पुन्हा काढावा लागतो.

मग फरक खरा आहे का ते तपासा. समजा, शहरातल्या 400 मुलांपैकी 30 टक्क्यांना मार बसला आणि गावातल्या 400 पैकी 36 टक्क्यांना. प्रत्येक गटासाठी (शहरासाठी 0.30 × 0.70 ÷ 400, गावासाठी 0.36 × 0.64 ÷ 400) अशी मांडणी करा, दोन्ही उत्तरांची बेरीज करून वर्गमूळ काढा आणि त्याला 1.96 ने गुणा. ही योगायोगाची मर्यादा येते साधारण 6.5 टक्के-बिंदूंची. फरक 6 चा, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. दोन्हीकडे 1600 मुलं असती तर मर्यादा 3.3 वर आली असती. शिवाय सर्वेक्षणात एकाच वस्तीतली बरीच घरं घेतात आणि शेजाऱ्यांच्या सवयी मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे खरी मर्यादा याहून मोठी निघते. मूळ डेटा वापरताना भारांक (नमुन्यातलं प्रत्येक मूल किती मुलांच्या जागी धरायचं तो आकडा) लावायला विसरू नका.

मत आणि वागणूक वेगळी ठेवा. युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात 5 वर्षांखालच्या दर 10 पैकी 6 मुलांना घरी मार किंवा मानसिक त्रास सोसावा लागतो. पण मारल्याशिवाय मूल नीट वाढत नाही असं मानणाऱ्या आया किंवा सांभाळणारे चारात एकाहून थोडेच जास्त. मला यातला सगळ्यात बोलका आकडा हाच वाटतो: पटत नसतानाही हात उठतो.

महाराष्ट्राचे आकडे शोधत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडाल तर हा प्रश्नसंच तिथे सापडणार नाही. नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटतं का, हा प्रश्न मात्र तिथे आहे. त्याची उत्तरं मुलांच्या जागी वापरू नका.