लिनक्स टाकलं दोन दिवसांत, पण…

माझी पहिली नोकरी कंत्राटी, नाशिक जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात. सिडकोतून रोज एसटीनं जा-ये. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी सहा जुने पीसी दाखवले. "यावर ते फुकटवालं टाका."

मी दोन दिवसांत बॉस लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. सी-डॅक या सरकारी संस्थेचं, डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर उभारलेलं. केंद्राच्या २०१५च्या धोरणात ओपन सोर्सला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य आहे, हेही साहेबांना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी आस्थापनेच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, माझ्या टिपण्या कुठं गेल्या?" फायली जागेवरच होत्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खच. सगळं कृतिदेवात टाईप केलेलं. तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांवरच मराठी आकार चढवतो. नव्या मशीनवर फॉन्ट नव्हता, मग दिसणार काय? तात्पुरता फॉन्ट टाकला, कन्व्हर्टरनं युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते, ती पद्धत) केलं, आणि रफार नि जोडाक्षरं हातानं तपासत तीन आठवडे गेले. म्हणून कुठल्याही ऑफिसात गेलात तर आधी विचारा: टाईप कशात करता?

"कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसतो ना?" हा प्रश्न मला चहाच्या टपरीवरही विचारलाय. दिसतोच. मार्च २०२४मध्ये लिनक्समधल्या एक्सझेड या छोट्या लायब्ररीत (तयार कोडच्या तुकड्यात) मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं, तेही एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (दुसऱ्या मशीनवर दूरून शिरणं) अर्ध्या सेकंदानं रेंगाळतंय असं वाटलं म्हणून. कोड उघडा होता, त्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आलं. पण दुरुस्ती आली तरी ती तुमच्या मशीनवर पोचायला हवी ना! सॉफ्टवेअर फुकट, म्हणून देखभालीला अंदाजपत्रकात छदामही धरत नाहीत.

माझंच बघा. दोन पीसींवर पाच महिने अपडेट झालं नव्हतं आणि मला पत्ताच नाही. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला, त्यामुळे चालू केलं की तारीख २०१०. अपडेटच्या पॅकेजांची यादी मशीनच्या हिशेबानं भविष्यातली, म्हणून 'अजून वैध नाही' म्हणत नाकारली जायची. लॉगवरच्या, म्हणजे मशीनवर काय कधी झालं त्या नोंदींवरच्या, वेळाही खोट्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवायची. आमच्या नेटवर्कवर एनटीपीच बंद होतं. ते उघडून घ्यायला तीन पत्रं लिहावी लागली.

सेल मात्र लगेच मिळाला, मेन रोडला घड्याळवाल्याकडे. सीआर २०३२ म्हणायचं. आता दोन बॅगेतच असतात.