नरक्या: जंगलातला आणि बाटलीतला, तुलना कशी करावी

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या, रोपात जंगली झाडाइतकं औषध असतं का, हे तपासायचं असेल तर यंत्राकडे नंतर वळा, आधी झाडाकडे बघा. मी नरक्या घेते, पश्चिम घाटातलं एक औषधी झाड. ज्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या रसायनापायी तो तोडला गेला, ते 1966 साली वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं त्याचीच पुढची रूपं.

जंगलात शेजारशेजारच्या दोन नरक्यांतही कॅम्प्टोथेसिन कमीजास्त असतं. म्हणून पहिली तुलना रोपं ज्या झाडापासून केली त्याच्याशीच. एका आईच्या दहा बाटल्या म्हणजे दहा नमुने नव्हेत. जनुकांच्या हिशेबाने ते एकच झाड. जंगली झाडं मात्र अनेक घ्या, परवानगी काढून, आणि त्यांची भुकटी एकत्र करू नका. मुळं उकरू नका, डहाळी पुरते.

पानाची तुलना पानाशीच करा. बाटलीतल्या कोवळ्या फुटव्याला जून साल नसते, मग झाडाच्या सालीशी त्याला जोखणं अन्याय आहे. कॅलसमध्ये, म्हणजे पेशींच्या नुसत्या गोळ्यात, बहुधा फार कमी सापडतं, कारण तिथे ऊतींची घडणच झालेली नसते. बाटलीबाहेर काढून मातीत रुळवलेलं रोप हा तिसरा गट ठेवाच.

बाटलीतलं रोप पाण्याने फुगलेलं असतं, त्यामुळे ओल्या वजनावरचा आकडा फसवा. 40 अंशांच्या आसपास, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. दळताना हातमोजे आणि मास्क घाला; हे पेशी मारणारं रसायन आहे.

अर्क मिथेनॉलमध्ये काढा, भुकटी त्यात पुन्हा पुन्हा धुऊन. पुरेसा उतरला का, हे मी असं पाहते: शेवटच्या धुण्याचा थेंब टीएलसी पट्टीवर (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) टाकून 366 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरते. निळं चमकलं की आणखी एक धुणं. मोजमाप अर्थात एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर. तुलनेसाठीचं प्रमाणित (शुद्ध) कॅम्प्टोथेसिन आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, मग मिथेनॉलने पातळ करा. द्रावण किंचित आम्लधर्मी असू द्या. अल्कलीत त्याच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडतं आणि एकाच पदार्थाची दोन शिखरं दिसू लागतात.

निकाल कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला किती मिलिग्रॅम असा लिहा, आणि सरासरीच्या जोडीला प्रत्येक झाडाचा आकडाही द्या.