आधी गाबोळी, मग यंत्र: सागरी माशांच्या प्रजननावरील प्रदूषणाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

रासायनिक प्रदूषणाचा सागरी माशांच्या प्रजननावर काय परिणाम होतो, या विषयात येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात की, पाण्यातील रसायने मोजण्याचे कोणते यंत्र शिकावे. माझे उत्तर त्यांना फारसे रुचत नाही. यंत्र पुढेही शिकता येते. आधी निरोगी माशाची गाबोळी वेगवेगळ्या महिन्यांत कशी दिसते, हे डोळ्यांत बसले पाहिजे.

शिक्षणाची वाट सरळ आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी घेता येते आणि त्यानंतर मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण.

खरी कसोटी नमुन्यांपाशी लागते. मासा मेला की त्याच्या ऊती लगेच विघटित होऊ लागतात. अनेक दिवस समुद्रात राहून परतणाऱ्या ट्रॉलरवरचा, बर्फातला मासा ताटात उत्तम लागेल. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींच्या कडा विरघळलेल्या दिसतात. म्हणून मी डोल जाळ्याची, त्याच दिवशी परतणारी होडी गाठून ताजी मांदेली घेत असे. पोट उघडून जननग्रंथी अलगद सोडवायची, तिचे वजन करायचे आणि ऊती न कुजता टिकाव्यात म्हणून ती बुआँच्या पिवळ्या द्रावणात टाकायची. ग्रंथीचे वजन शरीराच्या वजनाच्या किती टक्के आहे, यावरून मासा प्रजननाच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. मात्र हा आकडा ऋतूनुसार इतका बदलतो की, एका महिन्याच्या नमुन्यांवरून प्रदूषणाविषयी बोलणे व्यर्थ आहे. त्यानंतर मेणात बसवलेल्या ग्रंथीचे सुमारे 5 मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण निष्कर्ष त्यावरच उभा राहतो.

नराच्या वृषणात अंडपेशी दिसल्या की नवखा संशोधक हरखून जातो. तेव्हा जात कोणती, हे आधी पाहावे. जिताडा साधारणपणे आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. हेकरूच्या अनेक जातींत क्रम उलटा असतो, आणि यात प्रदूषणाचा काही संबंध नाही. याउलट, इंग्लंडमधील मर्सी नदीच्या मुखाजवळ फ्लाउंडर या चपट्या माशाच्या काही नरांमध्ये 1990 च्या दशकात अशा अंडपेशी आढळल्या, तेव्हा ती बाब गंभीर ठरली, कारण त्या माशात नर-मादी मुळातच वेगळे असतात. शिवाय तेथील नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन वाढलेले होते. अंड्यातील बलकासाठी लागणारे हे प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे तयार होते. नराच्या यकृतातही ते बनवण्याची क्षमता असते, पण एरवी ती सुप्त राहते.

तरीही दोष नेमका कोणत्या रसायनाचा, हे समुद्रात सिद्ध करणे अवघड असते. कॅनडात 2001 पासून तीन उन्हाळे एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम इतक्या पातळीला ठेवले, तेव्हा तेथील फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळजवळ नाहीसा झाला. खाडीत असा प्रयोग करता येत नाही. तेथे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि बोटींचे तेल एकत्र येते. त्यामुळे ठाण्याच्या खाडीवर प्रबंध करायचा असल्यास तुलनेसाठी कमी सांडपाणी येणारी दुसरी खाडी सुरुवातीलाच निवडावी, दोन्हीकडून एकाच महिन्यात, सारख्या लांबीचे मासे घ्यावेत आणि काप तपासणाऱ्याला कोणती काचपट्टी कोणत्या खाडीतली आहे, हे कळू देऊ नये.