ऑइल बदलायला शिकवताय? या चुका टाळा

मोटर मेकॅनिकची नवी बॅच वर्कशॉपमध्ये आली की पहिलं मोठं काम म्हणून मी त्यांना इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायला देतो. या एका कामात आटा हाताला कळणं, स्वच्छता आणि मोजूनमापून काम करणं, तिन्ही शिकून होतं. पण शिकवणारेच इथे पहिली चूक करतात. वीस पोरांना गोल उभं करायचं आणि स्वतः गाडीखाली शिरायचं. पोरं बघतात, वहीत उतरवतात आणि पुढच्या आठवड्यात बोल्ट उलटा फिरवतात, कारण खाली झोपून वर हात केला की दिशा उलटी वाटते. ते पाठीवर झोपल्याशिवाय कळत नाही. दोघादोघांना एक गाडी द्या. वेळ जातो, तो जाऊ द्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणालाही जाऊ देऊ नका. जॅक स्टँड लावून, गाडी हाताने हलवून बघितली की मगच.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करायचं. थंड ऑइल सावकाश उतरतं आणि खाली बसलेला गाळ चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातच राहतो. उकळतं ऑइल मनगटावर आलं तर पोरगं पुन्हा गाडीखाली जायला घाबरतं.

ड्रेन बोल्ट

ऑइल काढायला चेंबरच्या तळाला असतो तो हा बोल्ट. सगळ्यात महाग चूक इथे होते. आजच्या बऱ्याच गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा असतो. बोल्ट तिरका लागला आणि वर पान्याने जोर दिला, की मऊ धातूचे आटे जातात. माझा नियम असा: बोल्ट परत लावताना पाना हातात घ्यायचाच नाही. आधी बोटांनी अर्धा फेरा उलटा फिरवायचा. आटा जागेवर पडतो तेव्हा बोटाला बारीकसा ‘टक्’ लागतो. तिथून सुलटा फिरवत बोटांनीच शेवटपर्यंत न्यायचा. मध्येच अडकला तर काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. वायसर दरवेळी नवा. शेवटचा ताण तेवढा टॉर्क रेंचने, म्हणजे ताण मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. ‘अजून थोडा आवळ’ हे वाक्य वर्कशॉपमध्ये बंदच करा.

आटे गेलेच तर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. टेपचे तुकडे आत गेले तर ऑइलची वाट अडते. आट्यात नवा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची धातूची नळी बसवायची, नाहीतर चेंबर बदलायचा.

जुनी रबर रिंग

एकदा पोरांनी सगळं नीट केलं, ऑइल भरलं, गाडी सुरू केली आणि काही सेकंदांत फिल्टरच्या बाजूने धारच लागली. फरशीवर साडेतीन लिटर. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढला होता. दोन रिंगा दाब धरत नाहीत. तपासायचं राहून गेलं ते माझ्याकडून. तेव्हापासून जुना फिल्टर निघाला की पोराने त्याची रिंग बोटाने दाखवायची आणि इंजिनची बसायची जागा कापडाने पुसायची. मगच मी नवा फिल्टर हातात देतो. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचं आणि पुढे साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते पाळायचं. लावताना फिल्टरचा पाना वापरला तर पुढच्या वेळी तो निघता निघत नाही.

भरताना ‘डबा उघडला की सगळा ओत’ ही सवय मोडा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतायचं, सुरू करून बंद करायचं, सपाट जागेवर पाचेक मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत भरायचं. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो. मोटारसायकल असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा छापलाय ना, ते पोरांनाच वाचायला लावा. कारचं ऑइल ओल्या क्लचच्या, म्हणजे क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या बाइकमध्ये टाकलं की क्लच घसरू शकतो.

सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. रेस देऊन बघायचं नाही. गळतंय असं वाटलं तर सगळं पुसून घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा आणि दोन मिनिटं चालवा. बऱ्याचदा ती गळती नसते, फिल्टर काढताना सांडलेलंच ऑइल ओघळत असतं.

आणखी एक, मुंबईचं. ऑइल काळं म्हणजे संपलं, असं पोरांना वाटतं. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. बघायचं ते दुसरंच. पावसाळ्यात दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी आली तर सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक काढा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर आत पाणी आहे. आणि किलोमीटरवर विसंबू नका. ताशी 15 किलोमीटरच्या सरासरीने सायन ते बीकेसी ट्रॅफिकमध्ये रेंगाळणारी गाडी 10,000 किलोमीटरला सुमारे 667 तास चालते, ताशी 60 ने हायवेवर धावणारी 167 तास. ही भागाकाराची आकडेमोड पोरांकडून फळ्यावर करून घ्या, मग मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी लवकर बदला असं का लिहिलंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

काढलेलं ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये आणि तिथून नोंदणीकृत रीसायकलरकडे. गटारात ओतलेलं कुर्ल्याच्या बाजूला मिठी नदीत जातं आणि मिठी माहीमच्या खाडीत. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्या. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडायला सांगा, कारण तसाच गेलेला चांगल्या कंपनीचा डबा नकली ऑइल भरून पुन्हा बाजारात येऊ शकतो.